‘विज्ञान नीती’ की ‘विज्ञान धोरण’?

नाशिकच्या एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले आहे : ‘देशाचे राजकारण, विज्ञान आणि सार्वजनिक धोरणे यांवर मी भित्तिपत्रकासाठी लेख लिहिला. त्यात “केंद्राच्या विज्ञान नीतीत राजनीती येऊ नये” असे वाक्य होते. सरांनी ते “केंद्राच्या विज्ञान धोरणात राजकारण येऊ नये” असे केले. नीती आयोग चालतो, राजनीती हा शब्दही मराठी कोशात सापडतो; मग माझे चुकले कुठे?’

सरांची दुरुस्ती योग्य आहे, पण तुमचे शब्द अशुद्ध आहेत म्हणून नव्हे. ते मराठीत दुसरेच काही सांगतात, म्हणून.

‘नीती’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या संस्कृत धातूवरून आला आहे, आणि विदुरनीती, दंडनीती, रणनीती या समासांत कारभार चालवण्याची किंवा डाव आखण्याची रीत हा त्याचा जुना, व्यापक अर्थ आजही टिकून आहे. हिंदीने तो अर्थ सुट्या शब्दातही ठेवला, त्यामुळे तिथे ‘विदेश नीति’, ‘शिक्षा नीति’ अगदी स्वाभाविक आहे. मराठीत मात्र एकटा ‘नीती’ शब्द उच्चारला की मन थेट बऱ्या-वाइटाकडे जाते. नीतिमत्ता, अनीती, नीतिभ्रष्ट हे सारे त्याच घरातले शब्द आहेत, आणि घरातले वडीलधारे ‘नीतीने वाग’ म्हणतात तेव्हा ते सचोटीबद्दलच बोलत असतात. म्हणून ‘विज्ञान नीती’ वाचताच मराठी वाचकाला क्षणभर वाटते, की लेख प्राण्यांवरील प्रयोगांच्या किंवा जनुकांत फेरफार करण्याच्या नैतिकतेबद्दल असावा.

‘धोरण’ या शब्दात बरे-वाईट नाही. त्यात दिशा आहे आणि ती दिशा काही काळ धरून ठेवणे आहे. ‘त्याच्या बोलण्याचे धोरण माझ्या लक्षात आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बोलण्याचा रोख कळला असे सांगायचे असते. जूनमध्ये हाती आलेल्या पैशांतून दिवाळीची तजवीज करून ठेवणारी बाई धोरणी असते, आणि तंट्याच्या वेळी ‘जरा धोरणाने घ्या’ असा सल्ला मिळतो. सरकारी कामकाजासाठी हा शब्द कुणी मुद्दाम घडवला नाही. तो संसारातून उचलला गेला आणि तिथला लांबवर पाहण्याचा अर्थ सोबत घेऊन आला.

आपल्या जिल्ह्यात हा शब्द किती जिवंत आहे हे ऐकायचे असेल, तर लासलगावच्या कांदा लिलावाला एकदा उभे राहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले, सप्टेंबरात ते निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेले. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवलेल्या शेतकऱ्याला आज माल काढावा की महिनाभर थांबावा हे ठरवायचे असते, आणि थांबावे तर खालचा थर सडू लागतो. ट्रॅक्टरला टेकून उभे असलेले एक काका मला म्हणाले होते, ‘भाव पडला तर सोसू, पण सरकारचं धोरणच कळंना.’ या वाक्यात ‘नीती’ घालून पाहा. वाक्य उभेच राहत नाही. ‘धरसोडीचे धोरण’ हा प्रयोगही याच अनुभवातला आहे, कारण धरून ठेवणे हाच धोरणाचा गाभा असल्यामुळे ते सुटले की बोच लागते.

दोन शब्द वेगळे ठेवण्याचा खरा लाभ मला याहून मोठा वाटतो. ‘हे धोरण नीतीला धरून आहे का?’ असा प्रश्न मराठीत किती सरळ विचारता येतो! धोरणालाच नीती म्हणू लागलो, तर या प्रश्नातला एक शब्द आपण हातचा घालवू. सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या तरुणाने तरी तो घालवू नये, असे मला कळकळीने वाटते.

‘राजनीती’चेही असेच आहे. मराठीत राजनीती म्हणजे राज्य चालवण्याचे शास्त्र, म्हणून शिवकाळातील राज्यकारभाराबद्दल लिहिताना हा शब्द जरूर वापरावा. सत्तेसाठी आणि सत्तेतून चालणाऱ्या व्यवहाराला आपला शब्द राजकारण. जुन्या पत्रव्यवहारांत तो वाटाघाट, मसलत, गुप्त खलबत अशा अर्थांनी येतो. ज्या समर्थ रामदासांनी आपल्या नाशिकजवळच्या टाकळीला बारा वर्षे तप केल्याचे मानले जाते, त्यांच्या दासबोधात हरिकथा-निरूपणाच्या पाठोपाठ दुसरे स्थान राजकारणालाच दिलेले आहे.

नीती आयोग हे विशेषनाम आहे. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी आलेल्या या संस्थेच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून ‘नीती’ हा शब्द साधला आहे. तो तसाच लिहावा, पण त्यावरून नियम काढू नये. राज्यघटनेच्या चौथ्या भागाचे मराठी शीर्षक ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’ असे आहे, आणि देशाच्या १९५८ च्या विज्ञानविषयक ठरावापासून २०१३ च्या विज्ञान, तंत्रज्ञान व नवोन्मेष विषयक दस्तऐवजापर्यंत सर्वांना मराठीत धोरणच म्हणावे. रिझर्व्ह बँकेच्या व्याजदराच्या बातमीत येणारा ‘पतधोरण’ तर मला फार आवडतो. रविवार कारंजावरचा दुकानदार गिऱ्हाइकाची जी पत पाहून उधार देतो, तीच पत त्यात आहे. याच ओघात ‘नीतिगत निर्णय’ऐवजी ‘धोरणात्मक निर्णय’ आणि ‘नीतिनिर्माते’ऐवजी ‘धोरणकर्ते’ लिहावे.

तुमच्या दुरुस्त वाक्यात मी आणखी एक शब्द घालेन. संशोधनाला किती पैसा द्यायचा, तो कोणत्या विषयांना द्यायचा, हे संसदेत आणि मंत्रिमंडळात ठरते, आणि ते ठरवणे हेसुद्धा राजकारणच आहे. ते धोरणाबाहेर कसे ठेवणार? तुमचा आक्षेप पक्षांच्या हेव्यादाव्यांना असावा, असे लेखाच्या विषयावरून वाटते. तसे असेल तर ‘केंद्राच्या विज्ञान धोरणात पक्षीय राजकारण येऊ नये’ असे लिहा.