कोळशाच्या तळघरातले सात शनिवार

प्रश्न : ‘बीटल्स’ या रॉक बँडची सुरुवात लिव्हरपूलच्या ‘कॅव्हर्न’ क्लबात झाली, असे मी आजवर समजत होते. परवा माझा भाचा म्हणाला की, त्याच्याही आधी ही मुले एका बाईंच्या घराच्या तळघरात वाजवत असत आणि त्या बाईंचे लग्न मुंबईत झालेले होते. यात तथ्य किती? — एक वाचिका, पुणे

उत्तर : आपल्या भाच्याची माहिती अचूक आहे. त्या बाईंचे नाव मोना बेस्ट. त्यांचा जन्म १९२४ सालचा, दिल्लीचा. १९४१ मध्ये मद्रासला त्यांना पीटर हा मुलगा झाला. पुढे दोन वर्षे बीटल्सचा ड्रमर असलेला पीट बेस्ट तो हाच. लष्करातील अधिकारी जॉन बेस्ट यांच्याशी त्यांचा विवाह १९४४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट थॉमस कथीड्रलमध्ये झाला. ज्या चर्चवरून ‘चर्चगेट’ हे नाव पडले, तेच हे चर्च. युद्ध संपल्यावर, १९४५ च्या नाताळात, हे कुटुंब बोटीने लिव्हरपूलला उतरले. मुंबईचा संबंध एवढाच आहे. त्यावरून त्या तळघरात भारतीय संगीताचे धागे शोधू नयेत, कारण तेथे वाजत होते ते अमेरिकेहून आलेले रॉक अँड रोल.

लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी भागात, हेमन्स ग्रीन येथे, बेस्ट कुटुंबाने १९५७ च्या सुमारास पंधरा खोल्यांचे एक जुने घर घेतले. त्याचे पैसे कोठून आले, याची कुटुंबात सांगितली जाणारी हकीकत अशी की, मोनाबाईंनी आपले दागिने गहाण ठेवले आणि १९५४ च्या डर्बी शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ नावाच्या घोड्यावर ती रक्कम लावली. घोडा तेहतीसास एक या भावाने जिंकला, ही गोष्ट मात्र शर्यतींच्या नोंदींत आहे. दागिने गहाण टाकून घर उभे केलेल्या बायका आपल्याकडेही घरोघरी सापडतील, पण ते पैसे घोड्यावर लावण्याची छाती क्वचितच कोणाची झाली असेल.

घरात पीट आणि त्याचा भाऊ यांच्या मित्रांचा सतत राबता असे. त्या काळच्या ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना पबमध्ये मद्य मिळत नसे, त्यामुळे त्यांना बसायला जागा उरे ती कॉफी बारची. लंडनच्या सोहो भागातील ‘टू आयज’ या कॉफी बारविषयीचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मोनाबाईंच्या पाहण्यात आला आणि ज्या तळघरात कोळसा साठवला जाई, ते रिकामे करून तेथे मुलांचा क्लब काढावा असे त्यांनी ठरवले. क्लबाचे नाव ठेवले ‘कॅस्बा’. सभासदत्वाची वर्गणी अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. आत मद्य नाही, फक्त एस्प्रेसो कॉफी, थंड पेये आणि किरकोळ खाणे.

आता या हकीकतीतला खरा नाट्यमय भाग सांगतो. उद्घाटनाला वाजवायला बोलावले होते ते लेस स्टुअर्ट या वादकाच्या चौघांच्या वाद्यवृंदाला, म्हणजे चौकडीला. जॉर्ज हॅरिसन आणि केन ब्राउन हे दोघे तेव्हा त्या चौकडीत होते. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांचा ‘क्वारीमेन’ हा वाद्यवृंद, ज्याचे पुढे बीटल्स झाले आणि ज्यात जॉर्जही होता, १९५९ च्या उन्हाळ्यात जवळजवळ थंडावला होता. त्यांना कार्यक्रमच मिळत नव्हते, म्हणून तर जॉर्ज दुसरीकडे वाजवत होता. केन ब्राउन तळघराच्या डागडुजीत रमला आणि त्याने सरावाला दांड्या मारल्या, यावरून लेस स्टुअर्टचे आणि त्याचे वाजले. स्टुअर्टने वाजवण्यास नकार दिला आणि ऐन वेळी जागा रिकामी राहिली. तेव्हा जॉर्जने आपल्या दोन मित्रांना, म्हणजे जॉनला आणि पॉलला, बोलावून आणले. या तळघराने बीटल्स घडवले, असे मी म्हणणार नाही; पण पांगू लागलेल्या तीन मुलांना दर शनिवारी एकत्र येण्याचे कारण या तळघराने दिले, आणि मला स्वतःला हे कारण कॅव्हर्नच्या सगळ्या कीर्तीपेक्षा मोलाचे वाटते.

जागा अजून अर्धवट होती, तेव्हा या मुलांनीही ब्रश हाती घेतले. भिंतींवर आणि छतांवर आठ पायांचे कोळी, ड्रॅगन, तारे आणि इंद्रधनुष्याचे पट्टे आले. इंद्रधनुष्याचे छत पॉलने रंगवले. दृष्टी अधू असलेल्या जॉनने डिस्टेंपर समजून ऑइलपेंटचा डबा उचलला आणि तो रंग वाळता वाळेना, असेही सांगतात. २९ ऑगस्ट १९५९ च्या शनिवारी क्लब उघडला, तेव्हा त्या अरुंद, कोंदट खोल्यांत सुमारे तीनशे मुलेमुली दाटली होती.

प्रश्न : या पहिल्या कार्यक्रमांत त्यांच्याकडे ड्रमरच नव्हता, असे मी वाचले. ड्रमशिवाय रॉक कसे वाजवत असतील? आणि ड्रमर घरातच असताना त्याला का घेतले नाही? — एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या रात्री उभे होते ते चार गिटारवादक : जॉन, पॉल, जॉर्ज आणि केन ब्राउन. ‘ताल कोण धरणार’ असे कोणी विचारले तर ‘ताल गिटारींतच आहे’ असे उत्तर ही मुले ठेवणीतले देत. ही बढाई होतीच, पण अगदीच पोकळ नव्हती. ही मंडळी ‘स्किफल’ या साध्यासुध्या घरगुती संगीतप्रकाराच्या लाटेतून आलेली होती. स्किफलमध्ये कपडे घासण्याचा पत्रा, चहाच्या खोक्याला दोरी बांधून केलेला बास आणि स्वस्तातली गिटार एवढ्यावर मैफल चाले, आणि गिटारच्या तारांवर हाताने ठोके देत लय राखण्याची सवय त्यांच्या मनगटांत मुरलेली होती. शिवाय जागा लहान आणि छत खाली असल्यामुळे हलक्या अँप्लिफायरचा आवाजही पुरेसा भरे. मोठ्या सभागृहात हाच संच केविलवाणा वाटला असता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नात मात्र एक छोटा गैरसमज आहे. पीट १९५९ च्या ऑगस्टमध्ये ड्रमर झालेलाच नव्हता. तो झाला तो एका भांडणामुळे, आणि भांडण होते पंधरा शिलिंगांचे. मोनाबाई दर शनिवारी चौघांना मिळून तीन पौंड, म्हणजे (तेव्हा पौंडाचे वीस शिलिंग होत) प्रत्येकी पंधरा शिलिंग देत. १० ऑक्टोबरला, सातव्या शनिवारी, केन ब्राउनची प्रकृती बरी नव्हती आणि तो वाजवू शकला नाही. तरीही मोनाबाईंनी त्याचा वाटा त्याला दिला. उरलेल्या तिघांचे म्हणणे असे की, ज्याने वाजवले नाही त्याचे पैसे वाजवणाऱ्यांत वाटले जावेत. मोनाबाई ऐकेनात आणि तिघे क्लब सोडून गेले. हिशेबाने पाहिले तर तिघांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण आजारी पोराचे पैसे कापायचे नाहीत, ही घर चालवणाऱ्या बाईची रीत होती आणि मला तीच पटते. मागे राहिलेल्या केनसोबत पीटने ‘ब्लॅकजॅक्स’ हा गट काढला आणि तो ड्रमवर बसला. पुढच्या वर्षी, १९६० च्या ऑगस्टमध्ये, जर्मनीतील हॅम्बुर्गचे काम मिळाले आणि तेथे जायला ड्रमर हवाच असे ठरले, तेव्हा पूर्वी रुसून गेलेल्यांना पीटची आठवण झाली. तो रुसवा झाला नसता, तर पीट त्यांच्यात आलाही नसता.

प्रश्न : भांडणानंतर ते तेथे पुन्हा वाजवायला आले का? आणि ती जागा आज शिल्लक आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेच आहे. हॅम्बुर्गहून परतल्यावर १७ डिसेंबर १९६० रोजी ते कॅस्बात पुन्हा वाजवायला उभे राहिले आणि हॅम्बुर्गमध्ये रोज तासन् तास वाजवून कमावलेला जोर लिव्हरपूलच्या मुलांनी याच तळघरात प्रथम ऐकला. त्यानंतर काही काळ मोनाबाईच त्यांचे कार्यक्रम ठरवत असत. कॅव्हर्नमध्ये त्यांनी बीटल्स म्हणून पाऊल ठेवले ते १९६१ च्या फेब्रुवारीत, म्हणजे कॅस्बातल्या पहिल्या शनिवारानंतर सुमारे दीड वर्षाने. २४ जून १९६२ रोजी कॅस्बा बंद झाला आणि शेवटच्या रात्रीही वाजवायला बीटल्सच होते. दोन महिने उलटण्यापूर्वीच, १६ ऑगस्टला, पीटला वाद्यवृंदातून काढून टाकण्यात आले.

मोना बेस्ट १९८८ मध्ये वारल्या. घर आजही बेस्ट कुटुंबाकडे आहे आणि २००६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची नोंद संरक्षित वास्तू म्हणून झाली. तळघर पाहता येते, पॉलचे इंद्रधनुष्याचे पट्टे अजून छतावर आहेत. उंच माणसाने आत जाताना वाकावे.