चार्जशीटची कॉपी मिळून 41 दिवस झाले, पुढच्या तारखेची वाट बघू नका

नागपुरातल्या नंदनवनच्या एका वाचकाचं पत्र आलंय. एप्रिल 2025 च्या सुरुवातीला त्यांनी दुसऱ्या धर्मातल्या एका प्रथेवर व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, एक फोटो आणि खाली दोन ओळी, रात्री मित्र ओरडला म्हणून डिलीट केलं, पण तोवर स्क्रीनशॉट पोलीस स्टेशनला पोचला होता. आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेची कलमं 299 (धर्माचा मुद्दाम अपमान), 196 (गटांमध्ये वैर पसरवणं) आणि 302 लागली, चार्जशीट झाली, तिची कॉपी हातात मिळाली. ते विचारतात की बोलायचं स्वातंत्र्य आहे ना, मग केस कशी? हाच प्रश्न मला महिन्यातून तीनचार जण तरी विचारतात.

भाऊ, राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये स्वातंत्र्य किती आणि निर्बंध किती हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं लक्ष अडकलं तुमच्या शेवटच्या ओळीत, की कॉपी मिळून 41 दिवस झाले, पुढची तारीख 26 दिवसांनी आहे आणि वकीलसाहेब म्हणाले तेव्हा बघू. बेरीज करा, 67 होतात. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 262 मध्ये डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करा असा, अर्ज कॉपी मिळाल्यापासून 60 दिवसांत द्यायचा आहे. जुन्या सीआरपीसीत अशी मुदत नव्हती त्यामुळे अनेकांच्या सवयीत ती अजून बसली नाही. तुमच्याकडे 19 दिवस आहेत. मुदत गेली तरी कोर्ट सांभाळून घेईल असं कोणी म्हटलं तर त्या भरवशावर राहू नका, हायकोर्टाचा रस्ता उरतो पण तो लांबचा आहे आणि खर्चाचाही.

आता अर्जात मांडायचं काय. त्याच संहितेचं कलम 217 काढा. 299 आणि 196 या दोन्ही गुन्ह्यांची दखल, म्हणजे प्रकरण चालवायला हाती घेणं, केंद्र किंवा राज्य सरकारच्या आधीच्या मंजुरीशिवाय कोर्टाला घेताच येत नाही. एफआयआर आणि तपासाला मंजुरी लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं की हा मुद्दा संपला, तो संपत नाही, तो चार्जशीट कोर्टात गेल्यावर सुरू होतो. तुम्ही लिहिलंय की कॉपीचा गठ्ठा कपाटावर ठेवलाय, भीती वाटते म्हणून उघडला नाही. मला याचा राग आला, खरंच. आज उघडा, एकेक पान बघा, राज्य सरकारचा मंजुरीचा आदेश आहे का, आणि तो कोर्टाने दखल घेतली त्याच्या आधीच्या तारखेचा आहे का. पोलीस आयुक्तालयाने मंजुरी मागायला पाठवलेलं पत्र म्हणजे मंजुरी नाही, इथेच घोळ होतो.

मंजुरी नसेल तर दोन मोठी कलमं पडायला हवीत. पण ती निर्दोष सुटका नसते, मंजुरी घेऊन पोलीस परत येऊ शकतात, दखलीची मुदत 3 वर्षांची आहे आणि मंजुरी मिळवण्यात गेलेला वेळ त्यातून वगळला जातो. 302 ला मंजुरी लागत नाही. आणि हो, 302 बघून घरचे रडले असं लिहिलंय तर त्यांना आजच सांगा की हे खुनाचं जुनं 302 नाही, नव्या संहितेत तो आकडा धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा आहे, शिक्षा 1 वर्षापर्यंत. ते समोरच्याच्या कानावर पडेल असं बोलणं, नजरेसमोर हावभाव करणं किंवा वस्तू ठेवणं यासाठी आहे, स्टेटसला लागतं का यावर वाद घालता येईल.

मंजुरी असेल तर मात्र लढाई 299 मधल्या एका अटीवर येते, अपमान जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केला होता का. निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही हे सुप्रीम कोर्टाने 1957 च्या रामजी लाल मोदी निकालातच सांगितलं. आणि शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या नजरेने मोजायचा, कशातही धोका हुंगणाऱ्याच्या नाही, ही कसोटी आपल्याच नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिली, सुप्रीम कोर्टाने 28 मार्च 2025 ला इम्रान प्रतापगढी प्रकरणात तीच उचलून धरली. तुमच्या स्टेटसच्या जेमतेम आठवडाभर आधी.

पण तुमच्या बाजूने सगळं आहे असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये नागपूर खंडपीठाने अशाच एका स्टेटसची एफआयआर रद्द करायला नकार दिला, माझ्या मोजक्याच कॉन्टॅक्टना दिसलं हा बचाव चालला नाही. आणि तुम्ही ते टाकलं कधी, 17 मार्चला नागपूरच्या महाल भागात जी दंगल झाली तिला तीन आठवडेही झाले नव्हते, कर्फ्यू नुकताच उठलेला, लोक दुकानाचं शटर अर्धं उघडून बसत होते. प्रथेवर टीका करायचा हक्क तुम्हाला आहे, मी त्यासाठी कोर्टात उभा राहीन, पण खालची दुसरी ओळ प्रथेवर नव्हतीच, ती माणसांवर होती. सरकारी वकील तीच वाचून दाखवणार. रात्री डिलीट केलं हे तुमच्या हेतूबद्दल चांगलं बोलतं, पण किती वजन मिळेल ते ओळ वाचणाऱ्या न्यायाधीशावर आहे.

उद्या सकाळी सिव्हिल लाइन्सला कोर्टात जा, रोजनाम्याच्या (कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदीच्या) नकलेसाठी अर्ज टाका, म्हणजे दखल कोणत्या तारखेला घेतली आणि कॉपी कोणत्या तारखेला दिली हे कागदावर येईल. वकीलसाहेबांना 262 आणि 217 दोन्ही आकडे लिहून द्या. कोर्ट सुनावणीची आधीची तारीख देत नसेल तर तारखेची वाट न बघता अर्ज दाखल करायला सांगा, आणि त्याची नोंद रोजनाम्यात पडली का ते स्वतः उभं राहून बघा.