तुलना करायची तर सगळीकडे सगळ्यात साधा बर्गर मागवा

तुम्ही लिहिलंय की जवळपासच्या सहा ठिकाणी जाऊन प्रत्येकाचा 'स्पेशल' बर्गर खाल्लात, सगळेच आवडले आणि आता सरस कोणता ते ठरत नाही. ठरणारच नाही. एकीकडे तिखट सॉस, दुसरीकडे परतलेला कांदा, तिसरीकडे अंडं. तुम्ही सहा चटकदार सॉसांची तुलना केलीत, बर्गर त्यात राहूनच गेला.

मी गेली बरीच वर्षं हा नाद जोपासलाय आणि माझा नियम एकच आहे: पहिल्या भेटीत साधा चीजबर्गर. पाव, पॅटी, चीज, बस्स. सॉस वेगळा वाटीत मागायचा. ज्याचा साधा बर्गर चांगला, त्याचा स्पेशल सहसा चांगलाच निघतो. याच्या उलट मात्र फार कमी वेळा घडतं.

त्याआधी यादीचे दोन भाग करा. तव्यावर दाबून केलेली पातळ पॅटी आणि दीड-दोनशे ग्रॅमची जाड पॅटी एका मापाने मोजू नका. पातळ पॅटीत बघायचा तो करकरीत, तपकिरी थर. जाड पॅटीत बघायचा आतला रस.

पॅटीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण निकाल तिथेच लागतो. तो तपकिरी थर म्हणजे मायार प्रक्रिया. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. मांसातली प्रथिनं आणि साखर साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे झपाट्याने एकत्र येतात आणि तो भाजका, खमंग वास सुटतो. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत मात्र तापमान शंभराच्या वर फारसं जात नाही. म्हणून गर्दीच्या वेळी थंड पॅट्यांनी तवा भरून टाकला की पॅटी भाजण्याऐवजी वाफवली जाते. एका ठिकाणी दुपारी चारला मी अप्रतिम बर्गर खाल्ला होता, कडेला जाळीसारखा कुरकुरीत थर. त्याच आठवड्यात रात्री नऊला गेलो तर पॅटी राखाडी, मऊ, कडा गोल. खिमा तोच असेल, पण तव्याला तापायला उसंत नव्हती. तेव्हापासून वहीत वेळही लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे पोत. अर्धा बर्गर कापा आणि पॅटीचा छेद बघा. खिम्याचे धागे सुटे दिसले पाहिजेत. छेद गुळगुळीत आणि चावताना रबरासारखा उसळत असेल, तर खिम्यात मीठ आधीच मिसळून तो मळलेला असण्याची शक्यता मोठी. मिठाने मांसातली प्रथिनं विरघळतात, चिकटतात आणि पोत सॉसेजसारखा होतो. मीठ तव्यावर टाकताना वरून लावलं की हा घोळ होत नाही. चरबी २० टक्क्यांच्या आसपास असलेला बीफचा खिमा मला सर्वांत योग्य वाटतो, त्याहून फार कमी असेल तर तोंड कोरडं पडतं.

आत किती शिजलंय यावरून मात्र गुण कापू नका. स्टेकमध्ये जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते दळताना आतपर्यंत पोचतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने खिम्यासाठी ७१ अंश सेल्सियस सांगितलंय ते म्हणूनच. पूर्ण शिजवूनही रसाळ ठेवणारा स्वयंपाकी माझ्या लेखी खरा कसबी.

पावाची परीक्षा सोपी. शेवटच्या दोन घासांपर्यंत खालचा अर्धा भाग टिकतो का? आतली बाजू लोण्यावर शेकलेली असेल तर रस लगेच मुरत नाही. चीजबद्दल माझं मत ठाम आहे: साधं प्रोसेस्ड चीजच हवं. त्यातल्या क्षारांमुळे ते एकसंध वितळतं. जुनं चेडार चवीला भारी, पण तापलं की तूप सोडतं.

आणि फोटोंसाठी थांबू नका. पहिला घास बर्गर टेबलावर आल्याआल्या घ्या. पार्सलवरून तर कुणालाच गुण देऊ नका, डब्यातल्या वाफेने तो थर दहा मिनिटांत मऊ पडतो.

सहाही ठिकाणी पुन्हा जायची गरज नाही. जे तीन जास्त लक्षात राहिलेत तिथे साधा चीजबर्गर खाऊन या, शक्यतो एकाच वेळेला आणि सारख्याच भुकेला. नंतर वरच्या दोघांकडे गर्दीच्या वेळी एकदा जा. त्यातल्या कोणाची पॅटी पातळ आणि कोणाची जाड तेही इथे लिहा, मग पुढचं बोलू.