जुन्या फोनला ३,००० लावावेत का?

प्रश्न: मी मिरजेत घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. माझा पोको एफ१ हा फोन २०१८ मध्ये २०,९९९ रुपयांना घेतलेला आहे. बॅटरी दुपारीच मान टाकते, कंपनीचे अपडेटही कधीच बंद झाले. दुकानदार म्हणतो, नवी बॅटरी आणि लिनिएजओएस (कंपनीच्या सिस्टिमऐवजी टाकायची वेगळी अँड्रॉइड) मिळून ३,००० रुपयांत करून देतो, अजून तीन वर्षं चालेल. की २४,००० चा नवा फोन १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट हप्त्यांवर घेऊ? माझे २२,००० आणि यजमानांचे (कुपवाड एमआयडीसीत नोकरी) २६,००० येतात. गाडीचा हप्ता धरून सगळा खर्च जाता सहा-सात हजार उरतात. शिल्लक ३५,००० आहे. फी यूपीआयनेच येते.

उत्तर: ताई, आधी त्या ३५,००० बद्दल बोलू. महिन्याला एक्केचाळीस-बेचाळीस हजार लागणाऱ्या घरात एवढ्या शिल्लकीवर एक महिनाही धड निघत नाही. शिवाय मे महिन्यात शिकवण्या बंद, म्हणजे तुमची बाजू कोरडीच. अशा वेळी २,००० चा हप्ता डोक्यावर घेऊ नका.

तो हप्ता फुकटचाही नसतो. बँक व्याज लावतेच. दुकान तेवढी सूट किमतीत देतं, म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्या खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क. व्याज १५ टक्के आणि शुल्क १९९ रुपये धरलं तरी साडेपाचशेच्या पुढे जातं. रोखीनं घेताना घासाघीस करून जे सुटले असते, ते वेगळेच.

म्हणजे जुनाच फोन चालवायचा, हे ठरलं. पण दुकानदारानं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

लिनिएजओएस चांगलीच आहे. सायनोजेनमॉड ही तशीच आधीची सिस्टिम २०१६ च्या अखेरीस बंद पडली, तेव्हा त्याच कामातून स्वयंसेवकांनी ती उभी केली. ती फुकट मिळते. तुम्ही पैसे देणार ते दुकानदाराच्या हातकामाचे. तुमच्या फोनला कंपनीनं अँड्रॉइड १० वर आणून सोडलं, लिनिएज त्याच्या बरीच पुढची आवृत्ती देते. मात्र चिप आणि नेटवर्कचे आतले प्रोग्रॅम कंपनीनं सोडले तिथेच राहतात, ते कुणी स्वयंसेवक दुरुस्त करू शकत नाही. आणि ही सिस्टिम टाकायला फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारं आतलं कुलूप, उघडावा लागतो. असा उघडा फोन अनेक बँक ॲप्स ओळखतात आणि सुरूच होत नाहीत. आज चालणारं ॲप पुढच्या अपडेटनंतर चालेल, याचीही खात्री नाही. माझ्या जुन्या फोनवर बँकेचं ॲप पाच महिने व्यवस्थित चालत होतं. एका सकाळी पेट्रोल पंपावर टाकी भरून झाल्यावर ‘हे उपकरण सुरक्षित नाही’ एवढं एक वाक्य आलं. मागे गाड्यांची रांग, खिशात ऐंशी रुपये. तेव्हापासून उघड्या फोनवर मी पैशाचं काही ठेवत नाही, ॲप चालत असलं तरी.

तुमच्या फीचं मात्र फारसं अडणार नाही. क्यूआर भिंतीवर लावलेला आहे, पैसे थेट खात्यात येतात, ॲप बंद असलं तरी येतात. अडतं ते देणं. आणि यूपीआय बँकेला जोडलेल्या सिमशी बांधलेलं असतं, म्हणून सिम कुठल्या फोनमध्ये आहे हे आधी ठरवा.

यजमानांचा फोन कसा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो बऱ्यापैकी नवा आणि मूळ सिस्टिमवर असेल, तर दोघांनी फोन बदलून घ्या. अनेक कारखान्यांत फोन गेटवरच जमा करतात. तसं असेल तर त्यांचा फोन आठ तास लॉकरमध्येच पडून असतो. तुमचं सिम त्यांच्या फोनमध्ये, त्यांचं पोकोमध्ये. त्यांना पेट्रोलचे पैसे द्यायला डेबिट कार्ड आहे, नाहीतर *९९# डायल करून यूपीआय आहे: इंटरनेटही लागत नाही, एका वेळी ५,००० पर्यंत जातात. थोडं कटकटीचं आहे, ते कुरकुरतील. त्यांचाही फोन जुनाच असेल किंवा त्यांनी साफ नाही म्हटलं, तर फक्त बॅटरी बदला, लिनिएज टाकू नका, आणि बँकेचं काम शक्य तेवढं शाखेत आणि एटीएमवर करा.

अदलाबदल जमलीच, तर दुकानात जाण्याआधी लिनिएजच्या संकेतस्थळावर ‘बेरिलियम’ शोधा, तुमच्या फोनचं ते टोपणनाव. सध्या अपडेट मिळणाऱ्या यादीत ते दिसलं तरच पुढे जा. स्वयंसेवक दमले की फोन यादीतून गळतो. बॅटरीची आणि सिस्टिमची किंमत बिलावर वेगवेगळी लिहून घ्या, आणि फोन बंद पडला तर मजुरी परत, हेही त्याच बिलावर. शाओमीच्या फोनना (पोको त्यांचाच) बूटलोडर उघडायला सहसा सात दिवस थांबावं लागतं. ‘तासाभरात करतो’ म्हणणारा दुकानदार कुठल्या वाटेनं जातो, ते मला माहीत करून घ्यायचं नाही. तुम्ही दुसरं दुकान बघा.

हप्त्याचे २,००० आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्के धरले तर वर्षानं सुमारे २४,८५० होतात. पण पोको तग धरून असेल तर ते फोनला लावू नका, शिल्लकीत घाला. पुढे घ्याल तो फोन घेताना कॅमेऱ्याआधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. गुगल पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंग एस२४ पासून ७ वर्षं देतात, स्वस्त फोनमध्ये बरीच कमी.

बूटलोडर उघडला की फोन पूर्ण कोरा होतो. दहावीच्या मुलांचे फोटो, व्हॉट्सॲप, पालकांचे नंबर आदल्या रात्रीच दुसरीकडे उतरवून घ्या. दुकानदारावर सोपवू नका.