डोंगरातील शाळा आणि आपली मदत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दुर्गम डोंगराळ गावांमध्ये शिक्षणासाठी आणि ग्रामविकासासाठी छोट्या प्रमाणावर काम करू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नात अनेक पत्रांचे सार आलेले असल्यामुळे त्याचे उत्तर बरेच लांबले आहे.

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी दरवर्षी पदभ्रमणासाठी हिमालयात जातो. वाटेवरच्या एका गावातील शाळेला दोनच खोल्या आहेत. वर्गणी काढून तिसरी खोली बांधून द्यावी, असा आमचा विचार आहे. सुरुवात कशी करावी?

उत्तर : तिसरी खोली हवी आहे हे कोणी ठरवले, याचा शोध आधी घ्यावा. गावाने मागितलेली आणि पाहुण्यांना सुचलेली, अशा दोन खोल्या पहिल्या वर्षी सारख्याच दिसतात. फरक पडतो तो छप्पर गळू लागल्यावर. एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातील शेर्पा सहकाऱ्यांना तुमच्यासाठी काय करता येईल असे विचारले, तेव्हा त्यांनी मुलांसाठी शाळा मागितली आणि त्या मागणीतून १९६१ मध्ये खुमजुंग गावची शाळा उभी राहिली. पुढे हिलरी यांनी स्थापन केलेल्या हिमालयन ट्रस्ट या संस्थेने त्या परिसरात आणखी शाळा बांधल्या आणि १९६६ मध्ये खुंदे येथे रुग्णालय सुरू केले. त्या भागात आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंडाचे प्रमाण मोठे होते आणि काही मुलांची बौद्धिक वाढ जन्मापासूनच खुंटलेली असे. रुग्णालयाने आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने देण्यास सुरुवात केली, आणि माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने हे काम एखाद्या नव्या इमारतीपेक्षा कमी मोलाचे नव्हते. मुलांच्या शिकण्याच्या आड नेमके काय येते, हे गावाशी बोलल्याशिवाय कळत नाही, आणि पुष्कळदा ती अडचण खोलीची नसतेच.

डोंगरात ती बहुधा शिक्षकाची असते. रस्त्यापासून काही तासांच्या चढणीवर असलेल्या गावात नेमणूक झालेला शिक्षक राहायला जागा नाही, हिवाळ्यात सरपण नाही आणि स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची सोय नाही, अशा कारणांनी लवकरच बदली मागतो. शिक्षक वर्षातील बराच काळ गैरहजर असेल, तर दोन खोल्यांच्या तीन करून मुलांच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून वर्गणी काढण्यापूर्वी आपल्या गटाने गावकऱ्यांशी, मुख्याध्यापकांशी आणि शिक्षण खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यांशी बोलून तीन गोष्टी लिहून काढाव्यात : शाळेत आज प्रत्यक्षात किती शिक्षक येतात, खोली वाढल्यास शिक्षकाचे पद वाढणार आहे का, आणि पाच-सहा वर्षांनी डागडुजीचा खर्च कोण करणार आहे. शिक्षकासाठी राहती खोली बांधणे, किंवा शिकलेल्या स्थानिक तरुणीला साहाय्यक शिक्षिका म्हणून नियमित मानधन देणे, हे पर्याय छायाचित्रात उठून दिसत नाहीत. पण शाळा चालू ठेवण्याचे सामर्थ्य त्यांच्यात अधिक असते. असे मानधन देण्यास मात्र एकदाची वर्गणी पुरत नाही, अनेक वर्षांची बांधिलकी लागते, आणि ती पेलणार नसेल तर सुरुवातच न करणे गावाच्या हिताचे आहे.

इतके करूनही खोलीच बांधण्याचे ठरले, तर भूकंपाचा विचार केल्याशिवाय एक दगडही रचू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरमध्ये सकाळी शाळा भरलेल्या असताना भूकंप झाला आणि कोसळलेल्या वर्गांखाली हजारो विद्यार्थी मृत्युमुखी पडले. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला, तेव्हाही हजारो वर्गखोल्या उद्ध्वस्त झाल्या. परंतु तो शनिवार, म्हणजे तेथील साप्ताहिक सुट्टीचा दिवस असल्यामुळे त्या रिकाम्या होत्या. केवळ वाराच्या योगायोगाने वाचलेल्या त्या मुलांचा विचार मनात आला की, हौसेने आणि घाईने उभारलेल्या इमारतींची मला भीती वाटते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर जड छप्पर, ही रचना सर्वांत धोक्याची ठरते. जोत्याच्या, खिडक्यांवरच्या आणि छपराखालच्या पातळीवर भिंतींना चारही बाजूंनी बांधून ठेवणारे आडवे पट्टे, कोपऱ्यांची मजबुती आणि हलके छप्पर यांमुळे धोका पुष्कळ कमी होतो. काश्मीरमधील धज्जी-दीवारी पद्धतीची, म्हणजे लाकडी चौकटींत लहान दगड आणि माती भरून उभारलेली घरे २००५ च्या भूकंपात तुलनेने चांगली टिकली आणि नंतरच्या पुनर्बांधणीत त्या पद्धतीला अधिकृत मान्यताही मिळाली. तेव्हा स्थानिक गवंड्यांना सोबत घ्यावे, पण आराखडा भूकंपरोधक बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा, आणि जागा निवडताना दरडीचा व ओढ्याचा मार्ग टाळावा. याकरिता वर्गणी अपुरी पडत असेल, तर एक वर्ष थांबावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. एखाद्या डोंगराळ गावातील शाळेत महिनाभर राहून मुलांना शिकवण्याची इच्छा आहे. याचा उपयोग होईल का?

उत्तर : आपला अनुभव मोलाचा आहे, पण तो मुलांपेक्षा तेथील शिक्षकांच्या उपयोगी पडावा, असे मला वाटते. महिनाभरासाठी आलेल्या व्यक्तीने वर्ग हाती घेतला की नियमित शिक्षक बाजूला पडतात, आणि ती व्यक्ती परतल्यावर मुलांना पुन्हा नव्याने जुळवून घ्यावे लागते. अशा शाळांमध्ये बहुधा एकाच शिक्षकाला तीन-चार इयत्ता एका खोलीत सांभाळाव्या लागतात. एका गटाला शिकवत असताना दुसऱ्या गटाने स्वतःहून काय करावे, याचे नियोजन करणे हे कौशल्याचे काम असून त्याचे प्रशिक्षण फारच थोड्यांना मिळालेले असते. त्यात मुलांची घरची भाषा एक आणि पाठ्यपुस्तकाची दुसरी, ही अडचण असतेच. लडाखमधील तरुणांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या सेकमोल या संस्थेने नेमका हाच धागा पकडला. बाहेरच्या भाषेतील आणि बाहेरच्या जगाविषयीची पुस्तके पाठ करणारी मुले दहावीत मोठ्या संख्येने नापास होत होती. तेव्हा मुलांना दोष न देता शिक्षकांचे प्रशिक्षण, लडाखच्या जीवनाशी जुळणारी पाठ्यपुस्तके आणि गावोगावच्या शिक्षण समित्या यांवर भर देण्यात आला आणि १९९४ पासून ते काम सरकार व गावकरी यांच्या सहभागाने व्यापक प्रमाणावर झाले.

आपण जाण्यापूर्वी शिक्षकांना त्यांच्या अडचणी विचाराव्यात, त्यांच्याबरोबर बसून सोपे साहित्य तयार करावे, आणि शक्य असल्यास पुढील वर्षी त्याच शाळेत पुन्हा जावे. उंचावरील शाळांना दीर्घ सुट्टी बहुधा हिवाळ्यात असते, हे तारखा ठरवताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात जुने कपडे, दप्तरे आणि पुस्तके गोळा केली आहेत. ती कोठे पाठवावीत?

उत्तर : दूरच्या डोंगरात शक्यतो पाठवू नयेत. जेथे माल खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून जातो, तेथे प्रत्येक किलोचे भाडे पडते आणि पोहोचलेल्या वस्तूंपैकी अनेक निरुपयोगी ठरतात. त्या जवळच्या गरजूंना द्याव्यात. शाळेने यादी दिल्यास वह्या आणि उबदार कपडे गावाजवळच्या बाजारपेठेतूनच विकत घेण्यासाठी पैसे पाठवावेत. मुलांच्या वाचनाची गोष्टीची पुस्तके याला अपवाद आहेत, परंतु तीही नवी आणि मुलांना समजेल अशा भाषेतील असावीत.

प्रश्न : आम्हा पतीपत्नीला एका हुशार पण गरीब डोंगराळ मुलीला शहरातील वसतिगृहात ठेवून शिकवायचे आहे. काही संस्था अशी मुले सुचवतात. हा मार्ग योग्य आहे का?

उत्तर : आपल्या हेतूविषयी आदर बाळगूनही मी सावध करू इच्छिते. नेपाळमधील सशस्त्र संघर्षाच्या काळात, म्हणजे १९९६ ते २००६ या वर्षांत आणि त्यानंतरही, हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतील पालकांना चांगल्या शिक्षणाचे आमिष दाखवून मध्यस्थांनी त्यांची मुले काठमांडूला नेली. त्यांतील पुष्कळ मुले, आईवडील हयात असताना, अनाथ म्हणून देणगीदारांपुढे उभी करण्यात आली. ज्या ठिकाणी मुलांच्या संख्येवर देणग्या अवलंबून असतात, तेथे मुले घरापासून दूर ठेवण्यातच कोणाचा तरी लाभ असतो. म्हणून, आईवडिलांना भेटू न देणारी किंवा त्यांच्याविषयी गोलमोल उत्तरे देणारी संस्था असेल, तर तिला एक पैसाही देऊ नये.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती सोडवण्याजोगी आहे. गावात प्राथमिक शाळा असते, माध्यमिक शाळा खाली दरीत असते. रोजची चढउतार अशक्य असल्यामुळे मुलींचे शिक्षण तेथेच थांबते. माध्यमिक शाळेजवळ गावच्या पालकांच्या देखरेखीखाली चालणारे छोटे वसतिगृह असेल, तर मुली आठवड्याने किंवा पंधरवड्याने घरी जाऊ शकतात. आपली मदत तेथील जेवणाला, अधीक्षिकेच्या पगाराला किंवा स्वच्छतागृहाला द्यावी. एका मुलीच्या नावाने देणगी दिल्यास भावंडांत आणि वर्गमैत्रिणींत दुजाभाव निर्माण होतो, आणि तिला नेहमी कृतज्ञतेची पत्रे लिहावी लागतात. ते ओझे कोवळ्या वयात तिच्यावर टाकू नये.

प्रश्न : देणगीतील किती टक्के प्रशासनावर खर्च होतात, यावरून संस्थेची पारख करावी का?

उत्तर : केवळ तेवढ्यावरून करू नये. डोंगरात वर्षातून दोनदा प्रत्यक्ष जाऊन पाहणी करणे हाही प्रशासकीय खर्चच आहे, आणि तो वाचवणारी संस्था आंधळेपणाने पैसे वाटत असते. पाकिस्तान व अफगाणिस्तानच्या डोंगराळ भागात शाळा बांधणाऱ्या सेंट्रल एशिया इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेचे उदाहरण बोलके आहे. तिच्या संस्थापकांच्या लोकप्रियतेमुळे देणग्यांचा ओघ मोठा होता; परंतु २०१२ मध्ये मोंटाना राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीनंतर, संस्थेचा पैसा त्यांच्या पुस्तकांच्या प्रसिद्धीवर व वैयक्तिक बाबींवर खर्च झाल्याप्रकरणी त्यांना सुमारे दहा लाख डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले. कार्यकारी मंडळ संस्थापकाला प्रश्न विचारू शकते का, लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी प्रसिद्ध होतात का, आणि तोच हिशेब गावाच्या भाषेत गावकऱ्यांसमोर वाचला जातो का, हे पाहावे. शेवटचा प्रश्न विचारल्यावर अनेक संस्था गोंधळतात, म्हणून तो अवश्य विचारावा.

प्रश्न : शाळेबरोबर गावासाठी पाणी किंवा विजेची योजना करावी, असे आमच्या मंडळाचे मत आहे. अशा योजना बंद का पडतात?

उत्तर : बहुतेक वेळा त्या बंद पडतात, कारण त्या कोणाच्याच मालकीच्या नसतात. उत्तर पाकिस्तानातील गिलगिट आणि चित्रालच्या खोऱ्यांत १९८२ मध्ये सुरू झालेल्या आगा खान ग्रामीण साहाय्य कार्यक्रमाने यावर विचारपूर्वक उपाय केला. शोएब सुलतान खान यांच्या नेतृत्वाखाली कार्यकर्ते गावात जात आणि तीन अटी मांडत : सर्वांनी मिळून ग्रामसंघटना स्थापन करावी, प्रत्येक सदस्याने थोडी का होईना पण नियमित बचत करावी, आणि आपल्यातील काहींना आवश्यक कौशल्ये शिकू द्यावीत. त्यानंतर पाट, रस्ता किंवा पूल यांपैकी कोणते काम हवे हे गावच ठरवत असे. काम गावकरी करत आणि देखभालही त्यांच्याकडेच राही. छोट्या मंडळालाही हे सहज अवलंबता येईल. योजनेसाठी गावाची बचत, मग ती कितीही अल्प असो, आपल्या देणगीच्या आधी जमा व्हावी.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते. नळ गोठणाऱ्या प्रदेशात जलवाहिनी गोठण-पातळीच्या खाली पुरावी लागते, आणि झऱ्याचे पाणी उन्हाळ्याच्या किंवा हिवाळ्याच्या सर्वांत कोरड्या काळात मोजावे लागते; पावसाळ्यानंतर घेतलेले माप फसवते. शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी मिळाल्यास मोठ्या मुलींची हजेरी टिकण्यास मदत होते, म्हणून पहिली जोडणी तेथे द्यावी. दुरुस्तीचे प्रशिक्षण देताना केवळ तरुण पुरुषांची निवड करू नये, कारण हिवाळ्यात ते रोजगारासाठी खाली उतरतात आणि नळ नेमके तेव्हाच फुटतात. बारमाही गावात राहणाऱ्या दोघी-तिघींना हे काम शिकवावे, आणि झडपा, सांधे व हत्यारे खिंड बंद होण्यापूर्वी त्यांच्या ताब्यात असतील अशी व्यवस्था करावी.