गादी सरकली म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे

ताई, तुम्ही लिहिलंय की तीन आठवड्यांपासून कमरेतून डाव्या पोटरीपर्यंत कळ जाते, एमआरआयमध्ये एल ४-एल ५ मधली, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते आणि आता ऑपरेशनशिवाय इलाज आहे का. शिवाय सासूबाईंची मानही धरली आहे. २०१२ साली मी यातून गेलोय. चप्पल घालायलासुद्धा बायकोचा हात लागायचा. ऑपरेशन न करता बरा झालो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खात्री करून घ्या. लघवी तुंबते किंवा ताबा सुटतो, बसण्याच्या जागी बधिरपणा आहे, पाऊल वर उचलता येत नाही, सोबत ताप आहे किंवा वजन उतरतंय, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचू नका, आजच दवाखाना गाठा. तिथे उशीर महागात पडतो.

तसं काही नसेल तर धीर धरा. गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते. रिपोर्टमधले शब्द वाचून मलाही झोप लागली नव्हती. पण काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांची गादी फुगलेली होती! त्यामुळे कागदावर काय छापलंय त्यापेक्षा तुमचा पाय काय सांगतो ते बघा.

म्हणजे कसं? न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे १९५६ मध्ये पाय दुखणारा एक पेशंट डोक्याकडून वर केलेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला, आणि पायातली कळ गेली. त्यातून त्यांची पद्धत उभी राहिली. मला फिजिओने हेच शिकवलं. आधी नुसतं पालथं पडायचं, मग कोपरांवर, मग हातांवर छाती उचलायची, भुजंगासनासारखं, पण कंबर सैल सोडून. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत सरकत आली तर योग्य दिशा, मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी चालेल. कळ खाली उतरू लागली तर लगेच थांबायचं. काहींना मागे वाकणं सोसत नाही, म्हणून पहिल्या एकदोन वेळा फिजिओसमोरच करा. व्हिडिओ बघून नको.

दुसरं औषध चालणं. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणावर पडून राहू नका. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या सुमारे ७०० लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालण्याचा कार्यक्रम पाळणाऱ्यांचं दुखणं साधारण २०८ दिवसांनी उलटलं, न पाळणाऱ्यांचं ११२ दिवसांतच. मी घराच्या गच्चीवर पाच मिनिटांपासून सुरुवात केली होती.

गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या, आराम पडतो. दुखण्याच्या गोळ्या थोडे दिवस, आणि बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगूनच. कमरेच्या पट्ट्यावर आणि ट्रॅक्शनवर (वजन लावून कंबर ताणण्यावर) मी बराच खर्च केला. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये या दोन्ही गोष्टी नेहमीच्या उपचारात नकोत असं सांगितलंय. आणि उसण भरली म्हणून पायाळू माणसाची लाथ खाऊ नका, आमच्या गावात हे अजून चालतं. सहा ते आठ आठवड्यांनीही कळ असह्यच असेल, तर इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार जरूर करा, त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

सासूबाईंचं वेगळं. मानेला शेक, खांदे मागे घेऊन हनुवटी हलकेच आत ओढण्याचा व्यायाम, दोन उशांऐवजी एक बेताची उशी. कॉलर सतत लावून ठेवला की स्नायू दुबळे होतात. कुणाकडून झटका देऊन मान मोडून घेऊ देऊ नका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. आणि आजच त्यांना विचारा, ब्लाउजची हुकं लावताना बोटं चुकतात का, चालताना तोल जातो का? हो म्हणाल्या तर व्यायाम नको, मालिश नको, आधी न्यूरोसर्जनना दाखवा.