झेंड्यापुढचा नारळ

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद. रात्रपाळी करून घरी आले तेव्हा तू शाळेत गेला होतास आणि फ्रिजवर तुझी चिठ्ठी होती. "आई, इथल्या घटनेची सुरुवातच देवाच्या नावाने होते. आपल्या घटनेच्या सुरुवातीला देव नाही म्हणे. मग गावाला पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे नारळ का फोडला?" आणि खाली, घाईत लिहिलेलं: "नक्की कोणता देश देवाचा?" जेवताना विचारलं असतंस तर मी दोन वाक्यांत उडवून लावलं असतं. लिहून ठेवलंस ते बरं केलंस.

आधी इथलं. आयर्लंडची घटना १९३७ ची, 'परमपवित्र त्रैक्याच्या नावाने' सुरू होणारी. त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, ख्रिस्ती लोकांचा देव. कॅथलिक चर्चला तिच्यात 'विशेष स्थान' होतं, ते लोकांनी १९७२ मध्ये मतदान करून काढलं. घटस्फोटावरची बंदी १९९५ मध्ये उठवायची ठरली, तीही अगदी थोड्या मतांनी. ईश्वरनिंदेचा गुन्हा घटनेतून जायला २०१८ साल उजाडलं. पहिली ओळ मात्र अजून तशीच आहे.

आपली घटना म्हणजे दिल्लीत बसून कोणीतरी लिहिलेली, असं तुला वाटत असेल. आपल्या खानदेशातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. आमची घटना आमच्या निवडलेल्या माणसांनीच लिहायची, अशी मागणी तिथे झाली होती. पुढे ती लिहिताना आयर्लंडची घटनाही चाळली गेली, मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना इथूनच नेली. पहिली ओळ नाही नेली.

आणायचा प्रयत्न झाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला, घटना लिहिणाऱ्या संविधान सभेत, सदस्य ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू व्हावी. पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवलं की देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका. कामत हटले नाहीत. मोजणी झाली: बाजूने ४१, विरुद्ध ६८. आता ते अडुसष्ट काय सगळे नास्तिक होते? छे! हृदयनाथ कुंझरूंचा मुद्दा साधा होता: श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो म्हणायचं आणि त्याच वाक्याच्या आधी एक श्रद्धा सगळ्यांच्या तोंडी घालायची, हे जमत नाही.

हे कळायला तू आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा रोट, तो गव्हाचा प्रसाद, आठव. नागपंचमीनंतरचा रविवार. आजीने माणशी सव्वा मूठ गहू घेतले, तुझीही मूठ त्यात धरली. गंगाफळाची भाजी, खीर, पुरण, आणि चौरंगावर नथ घालून बसलेली नारळाची कानबाई. तू रोटाचा तुकडा घेऊन शेजारच्या मित्राकडे पळालास आणि आजी दारात आडवी आली. "हाऊ आपला घरना रोट शे." तुला राग आला होता. आमच्याकडे रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. लग्न झाल्यापासून माहेरच्या रोटातला घास मलाही मिळत नाही, आणि खरं सांगू, दरवर्षी बोचतं. तरी कानबाई घराची आहे, पंगतीला कोण बसेल ते घराने ठरवावं. सरकारला असा रोट करता येत नाही. त्याचे सगळेच भाऊबंद.

नारळ हा मधलाच प्रकार. ट्रॅक्टर आला, बोअरला पाणी लागलं, कापसाची पहिली गाडी निघाली की तो फुटतोच. सरपंचांच्या हाताला सवय आहे. मला त्यात गैर वाटत नाही. थोडं वाटतंही.

मी सातवीत असताना शाळेत सत्यनारायण झाला होता. प्रत्येकी दोन रुपये वर्गणी. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या अब्बांनीही दिले. ती माझ्याशेजारी मांडी घालून शिरा खात होती आणि तिला न आवडणारे बेदाणे वेचून माझ्या द्रोणात टाकत होती. सगळे तिच्याशी प्रेमानेच वागले. फक्त तिच्या घरी कोणी विचारलं नव्हतं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही पूजेला बसायची सक्ती नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती हवी, हे २८ व्या कलमात आहे. मला ते कळलं नर्सिंगला असताना. तोवर मैत्रीण लग्न होऊन सुरतेला गेली होती.

कोणता देश देवाचा, या प्रश्नावर देशही फसतात. परदेशांशी कसं वागावं हे आपल्या ५१ व्या कलमात आहे: शांतता, आंतरराष्ट्रीय कायदा, भांडण लवादाने मिटवणं. धर्माचं नाव नाही. तरी १९६९ मध्ये मोरोक्कोत, रबातला, मुस्लिम देशांची परिषद भरली तेव्हा आपल्यालाही बोलावणं आलं, कारण भारतात मुसलमान इतके. शिष्टमंडळ पोचेपर्यंत भारताच्या खुर्चीत बसले आपले तिथले राजदूत गुरबचन सिंग. शीख! मग पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि फखरुद्दीन अली अहमद यांच्या शिष्टमंडळाला पुढच्या बैठकीत बसूच दिलं नाही. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच परिषदेतून निघालेल्या संघटनेने सुषमा स्वराज यांना अबुधाबीत सन्मानाने बोलावलं. मला विचारशील तर १९६९ ला आपण जायलाच नको होतं. रोट दुसऱ्याच्या घरचा होता.

आता डोळे मिटायला लागलेत. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

हां, एक राहिलं. झेंडावंदनानंतर खोबऱ्याचे तुकडे तूच वाटत होतास. उर्दू शाळेचे सर शेवटी उभे होते, त्यांच्याकडे तू ताट घेऊन गेलास आणि त्यांनी एक तुकडा उचलला. मी लांब होते. त्यांनी तो खाल्ला, की खिशात ठेवला? तुला आठवतंय का?

तुझी,
आई